‘दुसरा महिना’: आउगुस्टे डेटर यांच्या फाइलला आजच्या मोजपट्ट्या लावून पाहताना

२९ नोव्हेंबर १९०१. फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ३७ वर्षांचे एक डॉक्टर समोरच्या बाईंना विचारतात, ‘‘तुम्ही आजारी आहात का?’’

बाई म्हणतात, ‘‘दुसरा महिना.’’

डॉक्टर उत्तर जसंच्या तसं टिपून घेतात आणि पुढे जातात. आपण मात्र इथेच थांबू. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला स्वतःच्या आजाराची कितपत जाणीव आहे, हे मोजण्याच्या आज निदान चार तऱ्हा आहेत. पण या दोन शब्दांना गुण द्यायची वेळ आली की चारही एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागतात.

उत्तराचे अर्थ तीन लागतात. पहिला, प्रश्न कळलाच नाही. त्याआधी डॉक्टरांनी साल विचारलं होतं, बाईंनी ‘‘अठराशे’’ असं अर्धंमुर्धं उत्तर दिलं होतं; डोक्यात काळाचाच विषय रेंगाळत राहिला आणि आजाराच्या प्रश्नालाही त्यातलंच उत्तर आलं. दुसरा, प्रश्न नीट कळला आणि बाई सांगतायत की आजारपणाला दुसरा महिना लागलाय. तसं असेल तर ही सरळसरळ कबुली. तिसरा, प्रश्न कळला, पण अंगाला लावून घ्यायचा नव्हता, म्हणून बगल दिली. पहिला अर्थ धरला तर नोंद होईल ‘मोजता आलं नाही’, दुसऱ्याला ‘जाणीव आहे’, तिसऱ्याला ‘नाकारतात’. मला पहिला अर्थ जास्त संभवतो असं वाटतं, पण पैज लावायला सांगाल तर लावणार नाही.

बाई कोण, डॉक्टर कोण

बाई म्हणजे आउगुस्टे डेटर. जन्म १८५०, जर्मनीतल्या कासेल शहरातला. यजमान कार्ल रेल्वेत कारकून. संसार रांगेला लागलेला, आणि वयाच्या पन्नाशीत बाईंनी अचानक यजमानांवर संशय घ्यायला सुरुवात केली: शेजारणीशी यांचं काहीतरी आहे. संशयापाठोपाठ विसर पडू लागला. स्वयंपाक चुकू लागला. घरातल्या घरात त्या वाट चुकल्यासारख्या फिरत, वस्तू उचलून कुठेतरी दडवून ठेवत. कुणीतरी आपल्याला मारायला टपलंय असं वाटून मोठ्यानं ओरडत. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी त्यांना फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल केलं. लोक त्या इमारतीला ‘वेड्यांचा महाल’ म्हणत.

डॉक्टर म्हणजे आलॉइस अल्झायमर. तेव्हा त्या नावाला काही वजन नव्हतं. आउगुस्टेबाई ८ एप्रिल १९०६ रोजी वारल्या, त्यांचा मेंदू म्युनिकला अल्झायमरांकडे गेला, ३ नोव्हेंबर १९०६ रोजी त्यांनी ट्युबिंगेनच्या सभेत हे प्रकरण मांडलं, १९०७ मध्ये ते छापून आलं आणि १९१० मध्ये मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला सहकाऱ्याचं नाव दिलं. इथवरची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते. मूळ फाइल मात्र जवळजवळ नव्वद वर्षं कुणाच्या हाती लागत नव्हती. डिसेंबर १९९५ मध्ये कोनराड माउरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ती फ्रँकफर्टच्याच दप्तरात सापडली: निळ्या पुठ्ठ्याचं कव्हर, आत ३२ पानं. १९९७ मध्ये तिच्यातल्या नोंदी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आल्या.

या फाइलचं माझ्या लेखी मोल एकाच गोष्टीसाठी आहे. अल्झायमरांनी निष्कर्ष कमी लिहिले आणि संवाद जास्त. ‘रुग्णास आजाराची जाणीव नाही’ अशी एका ओळीची नोंद त्यांनी केली असती, तर आज आपल्या हाती काहीच राहिलं नसतं. त्यांनी स्वतःचे प्रश्न लिहिले आणि बाईंची उत्तरं लिहिली.

नोंदीतले काही तुकडे

२६ नोव्हेंबर. बाई पलंगावर बसलेल्या, चेहरा असहाय.

‘‘तुमचं नाव?’’ ‘‘आउगुस्टे.’’
‘‘आडनाव?’’ ‘‘आउगुस्टे.’’
‘‘यजमानांचं नाव?’’ ‘‘मला वाटतं, आउगुस्टे.’’
‘‘तुमचे यजमान?’’ ‘‘अच्छा, माझे यजमान.’’

(इथे जरा विषयांतर. हीच परीक्षा १९०१ साली पुण्यातल्या किंवा पेडण्यातल्या एखाद्या बाईंची घेतली असती, तर धडधाकट बाईनंही यजमानांचं नाव घेतलं नसतं. उखाण्याशिवाय नाव घेण्याची रीतच नव्हती. परीक्षकानं स्मृतीच्या रकान्यात फुली मारली असती आणि फुली चुकीची असती. प्रश्नावली एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना असे खड्डे लागतात.)

दुपारी जेवणात फ्लॉवर आणि डुकराचं मांस. काय खाताय असं विचारल्यावर उत्तर येतं, ‘‘पालक.’’ लिहायला सांगितलं की ‘श्रीमती’पर्यंत जातात आणि पुढचं विसरतात, एकेक शब्द पुन्हा सांगावा लागतो. फाइलमधलं सर्वांत गाजलेलं वाक्य त्यांच्याच तोंडचं आहे: ‘‘मी स्वतःला हरवून बसले आहे.’’

आणि २९ तारखेचा हा तुकडा. डॉक्टर किल्ली, पेन्सिल, पुस्तक दाखवतात. तिन्हींची नावं बरोबर येतात.

‘‘मी तुम्हाला काय दाखवलं?’’
‘‘माहीत नाही, माहीत नाही.’’
‘‘अवघड जातंय, नाही का?’’
‘‘इतकी भीती वाटते, इतकी भीती.’’

मग डॉक्टर तीन बोटं दाखवतात. किती? तीन. अजून भीती वाटतेय? हो. मी किती बोटं दाखवली होती?

‘‘हे फ्रँकफर्ट आम माइन आहे.’’ (शहराचं पूर्ण नाव: माइन नदीकाठचं फ्रँकफर्ट.)

डॉक्टरांचा अंदाज

आजाराची जाणीव नसणं यालाच वैद्यकात ‘अनोसोग्नोसिया’ म्हणतात. हा शब्द अल्झायमरांना मिळणं शक्यच नव्हतं, कारण तो फ्रान्समध्ये जोसेफ बाबिन्स्की यांनी १९१४ मध्ये घडवला, तोही स्मृतिभ्रंशासाठी नव्हे. डावं अंग लुळं पडलेलं असताना ‘माझा हात चांगला हलतो’ असं सांगणाऱ्या अर्धांगाच्या रुग्णांसाठी तो शब्द होता. तिथे गोष्ट तुलनेनं सोपी. हात हलत नाही हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसतं; रुग्णाला दिसत नाही. स्मृतिभ्रंशात हरवलेली वस्तू कुणालाच डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून मोजण्याचा खटाटोप.

सगळ्यांत जुनी पद्धत म्हणजे डॉक्टरांनी बोलून अंदाज बांधायचा. त्याला शिस्त लावणारी, १९९० च्या दशकापासून वापरात असलेली एक छोटी मोजपट्टी चार गोष्टी बघते: आपण दवाखान्यात का आलो हे कळतं का, स्मरण कमी झालंय हे कळतं का, रोजची कामं जमत नाहीत हे कळतं का, आणि हे वाढत चाललंय हे कळतं का. प्रत्येकी ० ते २ गुण, एकूण ८. गुण जितके जास्त तितकी जाणीव कमी.

आउगुस्टेबाईंना लावून बघू. आपण इथे का आहोत, हे त्यांनी सांगितल्याचं या उताऱ्यांत नाही: २ गुण. स्मरणाचं काय? ‘‘माहीत नाही, माहीत नाही’’ आणि ‘‘स्वतःला हरवून बसले’’ यांना कडक परीक्षक १ देईल, सैल हाताचा ० देईल. रोजची कामं आणि आजार वाढणं, या दोन्हींबद्दल त्यांना विचारल्याचं दिसत नाही. रिकाम्या जागी ‘सांगितलं नाही म्हणजे कळत नसणार’ असं धरून २-२ टाकले, तर आठपैकी सात: जाणीव जवळजवळ नाहीच. रिकाम्या जागा सोडून दिल्या आणि सैल हात धरला, तर चारपैकी दोन: निम्मी आहे. बाई त्याच, फाइल तीच. अल्झायमरच्या रुग्णांमध्ये किती जणांना जाणीव नसते याचे प्रसिद्ध आकडे २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेले आहेत. एवढी मोठी दरी का, याचं अर्धं उत्तर या बेरजेत आहे. उरलेलं अर्धं कोणते रुग्ण घेतले आणि कोणत्या टप्प्यावर घेतले, यात.

घरच्यांशी ताळा

दुसरी पद्धत आज संशोधनात सर्वांत जास्त चालते. तेच प्रश्न रुग्णाला विचारायचे, तेच घरच्या माणसाला, आणि वजाबाकी करायची. ब्युनोस आयर्समधल्या गटानं १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीत ३० प्रश्न आहेत. तारखा लक्षात राहतात का, वस्तू कुठे ठेवली ते आठवतं का, पैशांचे व्यवहार जमतात का, ओळखीच्या भागात वाट सापडते का, हा मोठा भाग. पुढे स्वभावाबद्दलचे थोडे: चिडचिड वाढलीय का, हेकटपणा आलाय का, कशात रस उरला नाही असं झालंय का. प्रत्येक अडचण कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा की नेहमी, असे ० ते ३ गुण. घरच्यांच्या बेरजेतून रुग्णाची बेरीज वजा. समजा सुनेनं ५५ गुण दिले आणि सासऱ्यांनी स्वतःला १२ दिले, तर फरक ४३. त्याच गटाच्या पुढच्या कामात ३२ किंवा त्याहून जास्त फरक म्हणजे अनोसोग्नोसिया, अशी रेघ ओढली गेली.

गणित सुटसुटीत, म्हणून लोकप्रिय. पण वजाबाकीत गृहीत धरलेलं असतं की घरचा माणूस म्हणजे सोन्याची तागडी. आउगुस्टेबाईंच्या बाबतीत ती तागडी कोण? कार्ल. ज्याच्यावर त्या बाहेरख्यालीपणाचा आळ घेत होत्या, तोच. घरातली चूकभूल डॉक्टरांना सांगणारा मुख्य साक्षीदारही तोच, आणि तक्रारीतला आरोपीही तोच. मला कार्लवर शंका घ्यायची नाही. त्यानं सांगितलेलं पुढे मेंदूच्या काचपट्टीवर खरं ठरलं. पण ‘ही पूर्वीपेक्षा चिडकी झाली आहे’ या प्रश्नाला रोज संशय सोसणारा नवरा ३ देणार, आणि तटस्थ शेजारी कदाचित १ देईल. काळजी घेणाऱ्यावरचा ताण मोजणारी वेगळी प्रश्नावली असते, तिच्यात गुण जास्त आले की या वजाबाकीकडे सांभाळून बघावं लागतं. थकलेल्या माणसाच्या उत्तरात थकवाही मिसळलेला असतो.

उलटही होतं, आणि आपल्याकडे तेच जास्त होतं. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ज्या घरात सहज बोलली जाते, तिथे आजोबा म्हणतात, ‘‘मला काही झालेलं नाही,’’ आणि मुलगाही म्हणतो, ‘‘वयाप्रमाणे थोडं होतंच की, डॉक्टर.’’ दोघांचे गुण कमी, फरक शून्याजवळ. कागदावर आजोबांना पूर्ण जाणीव आहे! प्रत्यक्षात ही प्रश्नावली मोजते ती दोन माणसांमधली तफावत. तफावत नसण्याची कारणं दोन असू शकतात: दोघांनाही कळतंय, किंवा दोघांनाही कळत नाहीय. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. त्यांतल्या कितीतरी घरांत आजाराला अजून आजार म्हणून नाव मिळालेलं नसणार, असं म्हणायला फार धाडस लागत नाही.

प्रश्नांचे विषयही घरोघरी बसत नाहीत. ‘चेकबुक सांभाळता येतं का?’ या प्रश्नाला ज्या आजींनी जन्मात बँकेची पायरी चढलेली नाही, त्या म्हणणार, ‘‘ते सगळं हे बघायचे, आता थोरला बघतो.’’ इथे ० द्यायचा की ३? हरयाणातल्या बल्लभगडमध्ये १९९० च्या दशकात निरक्षर वृद्धांसाठी घरच्यांना विचारायची दैनंदिन कामांची मोजपट्टी मुद्दाम वेगळी तयार करावी लागली, ती याच अडचणीपायी. मराठीत अशी प्रश्नावली आणताना चेकबुकच्या जागी काय येईल? भिशीचा हिशेब. दुधाचा रतीब किती दिवस बंद होता. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या. पाहुण्यांना चहा दिला की द्यायचा राहिला. या प्रश्नांना आजी आणि सून दोघीही ठाम उत्तर देतील, आणि मग तफावतीला काही अर्थ येईल.

आणखी एक बारीक गोष्ट, पण फार नडणारी: दोघांना वेगवेगळ्या खोलीत विचारायचं. सून समोर बसलेली असताना सासूबाई ‘‘होतो माझा गोंधळ’’ असं कबूल करतील, ही अपेक्षा धरणाऱ्यानं मराठी घर पाहिलेलं नाही. तिथे मोजली जाते ती जाणीव नव्हे, मान.

राहता राहिली आउगुस्टेबाईंची बाजू. तीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. त्या तर एक प्रश्न संपेपर्यंत टिकत नव्हत्या. ‘‘कुठल्या रस्त्यावर राहता?’’ ‘‘सांगते, जरा थांबावं लागेल.’’ ‘‘मी काय विचारलं?’’ ‘‘हे फ्रँकफर्ट आम माइन आहे.’’ या टप्प्यावर प्रश्नावली भरून घेणं म्हणजे जाणिवेच्या नावाखाली पुन्हा स्मरणच मोजणं. म्हणून असले बहुतेक अभ्यास सौम्य आणि मध्यम टप्प्यातल्या रुग्णांवरच झालेले आहेत.

आधी सांगा, मग करा

तिसऱ्या पद्धतीत घरच्यांना मधे घ्यायचंच नाही. ‘‘मी दहा शब्द वाचणार आहे, तुम्हाला किती आठवतील?’’ आजोबा म्हणतात, आठ. आठवतात तीन. फरक पाच. मग परीक्षा झाल्यावर पुन्हा विचारायचं: ‘‘किती आले असतील?’’ ब्रिटनमध्ये लिंडा क्लेअर यांनी २००२ मध्ये मांडलेली स्मरणजाणिवेची मोजपट्टी साधारण याच वाटेनं जाते: रुग्णाचं स्वतःबद्दलचं मत एकीकडे, घरच्यांचं मत दुसरीकडे, आणि रोजच्या जगण्याशी मिळत्याजुळत्या कामांतली प्रत्यक्ष कामगिरी तिसरीकडे.

मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. तरी तिलाही खोट आहे. प्रकृती ठणठणीत असलेली माणसंसुद्धा असले अंदाज चुकवतात. दहावीच्या निकालाआधी मुलांना विचारून बघा. शिवाय दहा शब्द पाठ होतील की नाही याचा अंदाज चुकणं, आणि आपण गॅस चालू ठेवून देवळात गेलो हे न कळणं, या दोन्हींचं नातं आपण समजतो तितकं सरळ नसतं.

आणि तरीही खरा शोध इथेच लागतो. परीक्षेच्या आधी ‘आठ’ म्हणणारा माणूस परीक्षा संपताक्षणी बऱ्याचदा ‘‘नाही जमलं हो’’ असं म्हणतो. अर्ध्या तासानं पुन्हा विचारलं की पुन्हा आठ! चूक त्या क्षणी कळते, पण टिकत नाही. लंडनमधले रॉबिन मॉरिस आणि ब्राझीलचे डॅनिएल मोग्राबी यांनी २००९ मध्ये यासाठी एक कल्पना मांडली, तिला मराठीत ‘थिजलेला मी’ म्हणता येईल. माणसाच्या मनात स्वतःचं एक चित्र असतं: मी हिशेबाला पक्का, मी कधी पत्ता विचारत नाही, माझ्या हातची पुरणपोळी कधी फाटत नाही. रोजच्या चुका या चित्रात नवी रेघ ओढत असतात. स्मरण गेल्यावर रेघ उमटतच नाही आणि चित्र आजाराआधीच्या एखाद्या वर्षी थिजून राहतं. मग ‘‘मला काही झालेलं नाही’’ हे खोटं नसतं, हट्टही नसतो. त्या चित्राच्या हिशेबानं ते अगदी बरोबर असतं.

हट्ट आणि न कळणं वेगळं कसं ओळखायचं, हा घरच्यांचा नेहमीचा प्रश्न. स्वच्छ रेघ ओढता येत नाही, पण साधारण असं दिसतं: नाकारणारा माणूस चिडतो, विषय बदलतो, सबबी आधीच तयार ठेवतो, दवाखान्याचं नाव काढलं की अंग चोरतो. ज्याला कळतच नाही तो शांत असतो, थोडा बुचकळ्यात पडलेला: ही मंडळी मला इथे का घेऊन आली? एकाच माणसात सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं, हेही नवलाचं नाही.

मेंदूच्या पुढच्या भागाला आधी धक्का लागणाऱ्या स्मृतिभ्रंशात तर ‘अंतर्दृष्टी जाणं’, म्हणजे स्वतःतल्या बदलाची जाणीव हरवणं, हा १९९८ च्या निकषांत निदानाचा एक मुख्य मुद्दाच होता. २०११ च्या सुधारित निकषांतून तो वगळला गेला. ज्या गोष्टीवर निदान टेकवायचं तीच इतकी निसरडी, म्हणून तो गेला असावा असं मला वाटतं.

अंगावर उमटलेलं

आता त्या भीतीकडे येऊ. ‘‘अवघड जातंय, नाही का?’’ हा प्रश्न सूचक आहे, उत्तर तोंडात घालणारा. कोर्टात वकिलानं विचारला असता तर हरकत घेतली गेली असती. ‘‘हो, अवघड जातंय’’ असं बाईंनी म्हटलं असतं तर ती अल्झायमरांचीच ओळ परत आली, असं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण बाई ‘अवघड’ म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या ‘भीती’. हा शब्द डॉक्टरांनी दिलेला नव्हता.

पुढे बघा. तीन बोटं मोजेपर्यंतही भीती तशीच आहे. किती बोटं दाखवली हे गेलं, भीती राहिली. आयोवा विद्यापीठात २०१४ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवून हेच पाहिलं गेलं: फितीत काय होतं हे विसरून गेल्यावरही तिनं जागवलेली भावना मागे उरत होती. मोग्राबी आणि सहकाऱ्यांच्या कामातही, आपण नापास होतोय हे तोंडानं न सांगणाऱ्या रुग्णांच्या चेहऱ्यावर आणि वागण्यात अपयशाची प्रतिक्रिया उमटताना दिसली. म्हणजे चौथी मोजपट्टी शब्दांची नाही. आजोबा म्हणतात, ‘‘मी मस्त आहे,’’ पण हल्ली ते भिशीला, भजनाला, लग्नाला जायला नको म्हणतात. नवीन माणूस आला की उठून आत जातात. सही करायची वेळ आली की ‘‘चष्मा सापडत नाही’’ म्हणतात. ३० प्रश्नांच्या कागदावर यातलं काहीच उतरत नाही.

अशा माणसाला ‘‘बाबा, तुम्हाला स्मृतिभ्रंश झालाय, मान्य करा’’ असं रोज पटवून देणं म्हणजे तीन बोटांचा खेळ पुन्हा पुन्हा खेळणं. माहिती जाईल, भीती राहील. मोजायचं ते पटवण्यासाठी नव्हे. मोजायचं ते गॅसचं बटण, गाडीची किल्ली, रक्त पातळ करणारी गोळी, बँकेचा ओटीपी यांतलं काय अजून त्यांच्या हाती ठेवायचं आणि कशावर कुणी नजर ठेवायची, हे ठरवण्यासाठी. त्यात एक धोका आहे. कमी जाणिवेचे गुण दाखवून ‘यांना काही कळत नाही’ म्हणत सगळेच निर्णय काढून घेण्याची घाई होते. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मानसिक आजारावरच्या उपचाराच्या निर्णयाची क्षमता तपासताना विचारतो तो प्रश्न वेगळा आहे: समोर ठेवलेली माहिती समजते का, परिणाम उमगतात का, निर्णय सांगता येतो का. आपल्याला अल्झायमर आहे हे मान्य न करणारा माणूसही गुडघ्याचं ऑपरेशन हवं की नको, हे नीट सांगू शकतो.

दुसऱ्या टोकालाही माणसं असतात. ज्यांना लख्ख कळतं. वजाबाकी उणे येते: घरचे म्हणतात थोडंसं विसरतात, ते स्वतः म्हणतात मी संपलो. असा उणे आकडा आला की जाणिवेची प्रश्नावली बाजूला ठेवून आधी नैराश्याची तपासणी करावी.

मी काय नोंद केली असती

आउगुस्टेबाईंची फाइल आज माझ्यापुढे आली, तर एक आकडा मी लिहिणार नाही. लिहीन ते असं:

‘आजाराबद्दल थेट विचारल्यावर: उत्तर असंबद्ध, गुण देता येत नाहीत. स्मरणाच्या चुकीबद्दल, चूक घडल्याक्षणी: जाणीव आहे. तीच जाणीव थोड्या वेळानं: तपासलेली नाही. एकूण स्वतःबद्दल: ‘स्वतःला हरवून बसले’ असं स्वतःहून म्हणतात. यजमानांवरच्या संशयाबद्दल: तो संशय आहे, हे कळत असल्याचं चिन्ह नाही. भावना: भीती स्पष्ट, प्रश्न विसरल्यावरही टिकून. माहिती देणारे: यजमान, रुग्णाच्या संशयाचा विषय तेच, सबब दुसरा साक्षीदार पाहावा.’

यांतल्या चौथ्या आणि पाचव्या ओळी शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या की मला दर वेळी थबकायला होतं. ज्या बाईंना आपण हरवलो आहोत हे कळत होतं, त्याच बाईंना नवऱ्यावरचा आपला संशय हा आजाराचाच भाग आहे हे कळत नव्हतं. जाणीव नावाची एक सलग वस्तू मोजायला निघालेल्या माणसानं यातलं कोणतं खरं धरायचं? दोन्ही खरंच आहे. म्हणून तर ओळी दोन केल्या.

अल्झायमर १९०३ मध्ये फ्रँकफर्ट सोडून गेले. पुढच्या नोंदींत प्रश्नोत्तरं आटत जातात. तपासायला गेलं की ओरडणं, ढकलणं. १९०७ च्या लेखात शेवटचं वर्णन आहे: बाई अंथरुणात पाय पोटाशी घेऊन पडलेल्या, कशाचंच काही न वाटणाऱ्या. या टप्प्यावर चारांपैकी एकही मोजपट्टी चालत नाही. तिथे रकान्यात शून्य लिहायचं नाही आणि पूर्ण गुणही लिहायचे नाहीत. आडवी रेघ मारायची आणि शेजारी कारण लिहायचं: प्रश्न विचारता आला नाही.